टीचर आणि न दमणारं इंजिन

टीचरनी स्वतःच्या गाडीचं बॉनेट कधीही उघडलं नाही. ते कुठून उघडतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. नंदाखालला त्यांच्या वाडीत, केळी आणि नारळांच्या मधोमध, ती लहानशी पांढरी गाडी बारा महिने उघड्यावर उभी असायची. खाऱ्या वाऱ्याने दारं खालून कुरतडली होती. टपावर झावळी पडून खळगा झाला होता. पण चावी फिरवली की इंजिन अर्ध्या फेरीत सुरू.

माझं माणिकपूरला रिक्षास्टँडच्या मागे गॅरेज आहे, आणि मी टीचरचा शाळेतला विद्यार्थी. गाडीला पंधरा वर्षं झाली, पुन्हा पासिंग करायची वेळ आली, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी काथ्याचं घर केलेलं. रेडिएटरमधलं पाणी चहाच्या रंगाचं. ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, तर टोकाला डांबरासारखा एक थेंब. ऑइल शेवटचं कधी बदललं, असं मी विचारलं. टीचरनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "पेट्रोल मी वेळेवर घालते."

मी सगळं साफ केलं आणि दर सहा महिन्यांनी यायचंच, असं बजावलं. त्यांनी मान डोलावली. सहा महिन्यांनी गाडीऐवजी वेलची केळ्यांच्या दोन फण्या आल्या. फोन केला तर म्हणाल्या, "इंजिनावर विश्वास टाकावा रे. सारखं तपासत बसलं की तेही बिचकतं. मुलांचंही तसंच असतं."

या विश्वासाचा मला राग यायचा. गाड्या नीट राखा, हे सांगण्यात माझा जन्म चाललेला, आणि ही बाई काहीच न करता आनंदात फिरत होती. त्यात एकदा कामणला, गोदामांच्या रांगेसमोर, माझी स्वतःची गाडी बंद पडली. दर तीन महिन्यांनी मी तिची सर्व्हिसिंग करायचो. मी घामाघूम होऊन वायरी तपासत होतो, तेवढ्यात टीचरची गाडी शेजारी येऊन थांबली. कामणला त्यांची मावसबहीण राहायची, तिच्याकडून त्या परतत होत्या. न उतरताच त्यांनी विचारलं, दोर आहे का? माझ्याकडे नव्हता. त्यांच्या डिकीत होता, शहाळी बांधून आणलेला. त्या दोराने त्यांनी मला माणिकपूरपर्यंत ओढत आणलं. स्टँडवरचे सगळे रिक्षावाले उभे राहून बघत होते. टीचरनी त्यांना हात केला.

पुढे कितीतरी दिवसांनी मला त्या इंजिनाचं कोडं थोडं उलगडलं. ते तीन सिलिंडरचं साधं इंजिन, मोडण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतंच. शिवाय टीचर गाडी सुरू करून आधी डोळे मिटायच्या, प्रवासाची छोटी प्रार्थना म्हणायच्या. तेवढ्यात जे काय ऑइल असेल ते वर चढायचं. मग चाळिसाच्या वर काटा कधी नाही, आणि वापराविना गाडी एक दिवस उभी नाही. हयगय होती, पण छळ नव्हता.

एका सकाळी त्यांच्या मुलाचा कॅनडाहून फोन आला. टीचरना आता नीट दिसत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे ऑपरेशनने सुधारण्यातलं नाही. आदल्या आठवड्यात त्यांनी वळणावर एका सायकलवाल्याला धक्का दिला होता. तो वाचला, पण पुढच्या वेळचं काय? मुलगा म्हणाला, "आमचं ती ऐकत नाही. इंजिन गेलंय असं तू सांग. तुझ्यावर विश्वास ठेवेल."

मी नंदाखालला गेलो. बॉनेट उघडलं, गंभीर चेहरा करून आत डोकावलो आणि इंजिनाला तडा गेलाय, आता काही होणार नाही, असं सांगितलं. टीचर गाडीत बसल्या आणि चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. थोडा वेळ त्यांनी ते ऐकलं.

"महेश," त्या म्हणाल्या, "इंजिन बरोबर आहे. तुझं उत्तर चुकलंय. पुन्हा सांग."

पन्नाशीला आलेला मी वर्गात उभा असल्यासारखा उभा राहिलो. "टीचर, इंजिन चांगलं आहे. तुमच्या डोळ्यांना दिसत नाही."

त्यांनी इंजिन बंद केलं. मग घरात जाऊन दुसरी चावीही घेऊन आल्या आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या. एक ठेवली तर मोह होईल, म्हणाल्या. अट एकच घातली, गाडी उभी ठेवायची नाही.

ती अट पाळली माझ्या बायकोने, सुनंदाने. तिला गाडी शिकायची होती, पण शिकवताना मी ओरडतो म्हणून तिने बारा वर्षांपूर्वीच नाद सोडला होता. हे कळल्यावर टीचरनी तिला दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर बोलावून घेतलं. डावीकडे बसून त्या नुसत्या कानांनी शिकवायच्या. "ऐक, ते दमलंय. आता दुसरा गिअर." रस्त्यावर काय येतंय ते मागे बसून मी सांगायचं, पण तोंडातल्या तोंडात, अशी ताकीद होती. पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली आणि अकरा वेळा सुरू झाली. दोघी इतक्या हसत होत्या की चर्चमधून निघालेले लोक थांबून बघायला लागले. तिसऱ्या महिन्यात सुनंदा आगाशीच्या बाजारातून गाडी एकही ओरखडा न काढता परत घेऊन आली. टीचरनी तिला शंभरपैकी ब्याण्णव दिले. मला शाळेत कधी साठच्या वर मिळाले नव्हते.

गेल्या वर्षी टीचर गेल्या. झोपेतच, शांतपणे. मुलगा आला, सगळं उरकलं, आणि परत निघायच्या दिवशी त्याने भाड्याची गाडी सांगायला घेतली. सुनंदा म्हणाली, मी सोडते. तो आईच्या जागी, डावीकडे बसला. मी मागे, त्याच्या बॅगा सांभाळत. खाडीपूल ओलांडल्यावर त्याने मला विचारलं की आई या गाडीची कधी सर्व्हिसिंग करायची का. मी त्याला खरं काय ते सांगितलं, आणि तो हसायला लागला, हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागला.

विमानतळावर पोचल्यावर मी बॅगा उतरवल्या. तो काही लगेच उतरला नाही. मान किंचित कलती करून ऐकत बसला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. सुनंदाने इंजिन चालूच ठेवलं.