टेस्टचा महिना

"तुझे बाबा किती काटकसरी," असं कुणी कौतुकानं म्हटलं की माझं डोकं फिरतं. काटकसर म्हणजे साबण दोऱ्यानं कापून त्याच्या चार वड्या करणं, संपलेली टूथपेस्टची ट्यूब कात्रीनं फाडून आतलं खरवडणं. ते सगळं आई करायची. बाबा जे करायचे त्याला काटकसर म्हणत नाहीत. ते वर्षातून एकदा घरातला अख्खा पगार दडवून ठेवायचे आणि त्याला टेस्ट म्हणायचे.

बाबा लिफ्ट मेकॅनिक. सव्वीस वर्षं एकाच कंपनीत. पंधरा-वीस मजल्यांच्या इमारतींच्या अगदी वर, गच्चीजवळच्या मशीनच्या खोलीत त्यांचं आयुष्य गेलं. हाताला कायम ग्रीसचा वास. लिफ्टचा पोलादी दोर तपासायचा तर ते त्यावरून जुनं सुती फडकं फिरवायचे. त्यातली एखादी तार तुटलेली असली की फडकं तिथं अडकतं. वर्षातून एकदा लिफ्टमध्ये वीस-वीस किलोची लोखंडी वजनं भरायची, ती नेहमी जेवढं पेलते त्याहून जास्त भरायची, आणि मग चालवून बघायची; ही लोडटेस्ट. "माणसं आत असताना कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं," असं ते म्हणायचे. इथवर ठीक होतं. पण मी दोन वर्षांची असताना हे शहाणपण त्यांनी घरी आणलं.

पगाराच्या दिवशी संध्याकाळी ते दारात बूट काढायचे. बूट काढता काढताच, मान वर न करता म्हणायचे, "या महिन्यात पगार आला नाही."

झालं. तो महिना टेस्टचा. कुठला असेल ते आधी कळायचं नाही. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. पगाराचं पाकीट पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत जायचं, त्यावर ते त्या वर्षाचा आकडा लिहायचे, आणि पेटीची किल्ली त्यांच्या हत्यारांच्या पिशवीतल्या जुडग्यात. महिनाभर घरात जे आहे त्यावर भागवायचं. उधार आणायचं नाही. आणि सगळ्यात संतापजनक नियम हा की, खरं की खोटं असं विचारायचं नाही. विचारलंच तर एकच उत्तर मिळायचं. "खरंच." चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही.

अकरा वर्षांची असताना माझ्या चष्म्याची काडी मोडली ती नेमकी टेस्टच्या सहाव्या दिवशी. उरलेले चोवीस दिवस मी कानाला दोरा गुंडाळून शाळेत गेले. वर्गातल्या मुली काय म्हणाल्या ते मी अजून विसरलेले नाही. बाबा म्हणाले, "दिसतंय ना?" दिसत होतं. पेटीत पैसे आहेत हेही दिसत होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर जी चिडले ती चिडलेच.

महिना संपला की ते आम्हाला घेऊन बसायचे आणि आधी काय संपलं, काय अडलं ते विचारायचे. एका वर्षी गॅस एकोणिसाव्या दिवशी संपला, तेव्हापासून दुसरा सिलिंडर भरलेला असतो. एका वर्षी मला ताप आला आणि घरात गोळी नव्हती, तेव्हापासून औषधांचा डबा. मग पाकिटातले पैसे बँकेत जायचे आणि रिकामं पाकीट पुन्हा पेटीत. नऊ वर्षांपूर्वी या दोन खोल्या घेतल्या, त्यात जवळपास निम्मे पैसे टेस्टच्या महिन्यांचे होते. हे मला मान्य करावं लागतं, आणि मान्य करतानाही राग येतो. कारण टेस्टमध्ये स्वतः बाबा सगळ्यात शेवटी वाढून घ्यायचे. दुसऱ्यांदा भात घेतला असं कधी झालं नाही. विचारलं तर, "पोट भरलं." असल्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

मामा त्यांना 'लोडटेस्ट' म्हणायचा. दारातूनच हाक मारायचा, "काय ताई, आमचे लोडटेस्ट आहेत का घरात?" आई हसायची नाही. आई वेगळंच करायची. ती एका तयार कपड्यांच्या दुकानासाठी पँटचे पाय दुमडून शिवून द्यायची. त्यातले थोडे पैसे बटणांच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवायची. टेस्टच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या वाण्याकडे वहीवर लिहून सामान आणायची आणि पुढच्या महिन्यात गुपचूप फेडायची. म्हणजे बाबा ज्याला टेस्ट समजत होते ती पहिल्या वर्षापासून खोटी होती. मला हे चौदाव्या वर्षी कळलं तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू. एवढ्या हुशार माणसाला आपली आई बिनबोभाट बनवते आहे, याचं मला फार बरं वाटलं.

गेल्या वर्षी टेस्ट होऊन गेली. मग चारच महिन्यांनी एका संध्याकाळी बाबा आले, दारात वाकून बूट काढायला लागले आणि म्हणाले, "या महिन्यात पगार आला नाही."

आईच्या हातात पँट होती. ती म्हणाली, "अहो, आत्ताच तर झाली की. वर्षातून एकदा ठरलंय ना?"

"खरंच आला नाही."

मी हसले. चांगलं हसू नव्हतं ते. म्हटलं, "हो, दरवर्षी खरंच येत नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बूट भिंतीशी लावले. "तुझ्या फीचं बघतो मी," एवढं म्हणाले आणि हात धुवायला गेले.

फी म्हणजे माझ्या शेवटच्या वर्षाची. रक्त-लघवी तपासणाऱ्या तंत्रज्ञाचा तीन वर्षांचा कोर्स. अडतीस हजार, वीस तारखेच्या आत. भरले नाहीत तर वर्ष वाया आणि जागाही जाणार. एकवेळ चष्म्याची काडी सोडून द्या, पण मुलीचं वर्ष पणाला लावून टेस्ट? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. ते रोज सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडत होते, उशिरा येत होते, कपड्यांना ग्रीसचा वास नव्हता. हे माझ्या नाकाला कळलं होतं. मी विचारलं मात्र नाही.

अठरा तारखेला आईनं बटणांचा डबा पलंगावर ओतला. एक्केचाळीस हजार निघाले. इतकी वर्षं सुईनं बोटं टोचून घेऊन साठवलेले. तिनं अडतीस मोजून माझ्या हातात दिले. "भर जा. पगार पेटीत पडलाय. महिना संपला की घेईन वसूल करून." मी भरले. पावती मुद्दाम बाबांना दिसेल अशी आरशाला खोचली. आणि झेरॉक्सच्या दुकानात मला संध्याकाळच्या कामाचे जे पैसे मिळायचे, जे मी दर महिन्याला आईच्या हातात द्यायचे, त्यांचे त्या महिन्यात मी नवे सँडल घेतले. घ्या म्हटलं, ही माझी टेस्ट.

बाबांनी पावती वाचली. बराच वेळ वाचली. मग पुन्हा आरशाला नीट खोचली.

महिना संपला तरी त्यांनी पेटी उघडली नाही. आम्हाला घेऊन बसले नाहीत. आणि पुढच्या पगाराच्या दिवशी मामा चहाला आलेला असताना ते दारात वाकले, बूट काढले आणि पुन्हा तेच म्हणाले.

"या महिन्यात पगार आला नाही."

मामाला हसू फुटलं. मला नाही. मी त्यांच्या पिशवीतून जुडगा ओढून काढला, पलंगाखालची पेटी फरफटत खोलीच्या मध्यावर आणली. "किती दिवस खेळणार आहात आमच्याशी? दोन पगार आत आहेत. मामा, तूच मोज." बाबा म्हणाले, "राहू दे." मी कशाला राहू देते.

आत रिकामी पाकिटं होती. रबर लावलेली, एकोणीस, प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात वर्ष. त्यांच्यावर कंपनीचं छापील पत्र. मी ते ठणकावून वाचायला सुरुवात केली, कारण मला वाटलं हेही त्यांचं काहीतरी नाटक. पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांच्या सेवेची आवश्यकता उरलेली नसल्यामुळे. गेल्या महिन्याच्या एक तारखेपासून. आपल्या योगदानाबद्दल आभारी. तिथं मी वाचायची थांबले. खाली सही पण माणसाची नव्हती, रबरी शिक्का होता. सव्वीस वर्षं यांच्या दोरांवर फडकं फिरवणाऱ्या माणसाला सही करून हाकलायलाही कुणाला सवड झाली नाही.

आई म्हणाली, "अहो, सांगायचं नाही का?"

"सांगितलं."

"असं सांगतात?" मी ओरडले. "असं? बूट काढत?"

"मग कसं सांगायचं होतं?" ते म्हणाले. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं ते वाक्य त्यांनी इतकं वापरलं होतं की गरज पडली तेव्हा त्यांच्याजवळ दुसरं वाक्यच नव्हतं.

मामा चहाचा कप तसाच ठेवून खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाबा पलंगावर बसले. कामाला लागल्यासारखा हिशेब मांडायला लागले. बँकेत तीन महिन्यांचं आहे. वाण्याच्या वहीवर किती झालं? आई दचकली. मग त्यांनी विचारलं, "आणि बटणांच्या डब्यात?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. एका दोरावर लिफ्ट कोण चालवतं?"

आईनं बटणांचा डबा उघडून आत बघितलं. मग म्हणाली, "तीन हजार."

"मी चाळीस धरले होते," बाबा म्हणाले. आरशावरच्या पावतीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी मात्र बघितलं. पायात नवे सँडल होते, तेही बघितले.

"कॉलेज महिनाअखेरपर्यंत निम्मी फी परत देतं," मी म्हटलं. "उद्या जाते."

एकवीस वर्षांत बाबांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला. "पाऊल ठेवायचं नाहीस त्या ऑफिसात. भरलीस ते उत्तम केलंस. मला जमत नव्हतं ते तुझ्या आईनं केलं. आता बाकीचं मी बघेन."

बाकीचं त्यांनी बघितलं, म्हणजे काय केलं ते सांगते. महिनाभर ते आठ कंपन्यांच्या दारात जाऊन आले होते, आणखी पाच ठिकाणी गेले. सगळीकडे वय विचारलं. शेवटी एका कापडबाजाराच्या इमारतीत लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबायचं काम मिळालं. पगार निम्म्याहून कमी. त्या लिफ्टची देखभाल त्याच कंपनीकडे, ज्यांनी यांना शिक्का मारून पाठवलं. वरचं चाक कुरकुरतं हे बाबांना आतून ऐकू येतं. ते वहीत तक्रार लिहितात. कुणी येत नाही. ते पुन्हा लिहितात. जिथं नुसता स्क्रू पिळायला त्यांना दोन मिनिटं लागली असती, तिथं त्यांनी हात लावायचा नाही असा नियम आहे. हे ते घरी शांतपणे सांगतात आणि मी भांडी आपटते.

वर्ष कसं काढलं ते विचारू नका. आईनं दुप्पट पँट शिवल्या. वाण्यानं वही बंद केली. दुसरा सिलिंडर पहिला झाला. बाबा रोजच शेवटी वाढून घ्यायला लागले, आणि एकदाच.

मी पास झाले. एका लॅबमध्ये लागले. पहिल्या पगाराच्या दिवशी बँकेतून सगळे पैसे काढले, पाकिटात घातले, त्यावर माझ्या अक्षरात वर्ष लिहिलं. घरी येईपर्यंत वाटेत ते वाक्य मी मनात घोकत होते. इतकी वर्षं ऐकलं होतं, एकदा ऐकवायचं होतं. चष्म्याच्या दोऱ्याचं, शिक्क्याचं, स्टुलाचं, कशाकशाचं उट्टं मला त्यांच्यावर काढायचं होतं, देव जाणे.

दोघं जेवायला बसले होते. मी दारात वाकले. सँडलचा पट्टा सोडता सोडता म्हटलं, "या महिन्यात पगार आला नाही."

बाबांचा घास हातातच राहिला. आईनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी आजवर असा पाहिला नव्हता. एका मिनिटात माणूस म्हातारा झाला.

"खरंच?" त्यांनी विचारलं.

आमच्या घरात हे विचारायला बंदी होती. बंदी त्यांनीच घातलेली. उत्तरही ठरलेलं होतं, ते माझ्या तोंडात तयार होतं.

"नाही बाबा," मी म्हटलं. "टेस्ट आहे. पगार आलाय." आणि पाकीट त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

त्यांनी डाव्या हातानं ते उघडलं. नोटा बाहेर न काढता मोजल्या. दोनदा मोजल्या. पुन्हा बंद केलं, वरचं वर्ष वाचलं आणि गुडघ्याखाली सरकवलं. मग ताट आईकडे ढकलून म्हणाले, "भात वाढ अजून थोडा."