आफ्रिकेची चौथी वाट

आणीबाणी लागून वर्ष होत आलं होतं. साताऱ्याच्या कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला होते. राज्यशास्त्राच्या सरांनी एक दिवस वर्गात आफ्रिकेचा नकाशा टांगला आणि म्हणाले, "भाकीत नको. पंचवीस वर्षांत या खंडात काय काय घडू शकेल, त्याच्या चार वाटा मांडा. आणि प्रत्येकीत साधा माणूस कसा जगेल, तेही लिहा."

निवडून आलेले लोक खुर्ची सोडायलाच तयार नाहीत, ही चौथी वाट माझ्याकडे आणि होस्टेलमधल्या माझ्या मैत्रिणीकडे आली. ती माण तालुक्यातली. आम्ही मोठ्या तक्त्यावर लिहीत गेलो. निवडणूक पुढे ढकलली जाते. वर्तमानपत्रं कौतुकच छापतात. लोक म्हणतात, गाड्या तरी वेळेवर येतात. मैत्रिणीनं पेन खाली ठेवलं.

"आगं, ह्यात आफ्रिका कुठं हाय?"

तरी आम्ही तो तक्ता व्हरांड्यात लावला. तिसऱ्या दिवशी एक अनोळखी गृहस्थ तो वहीत उतरवून घेताना दिसले. दुपारी प्राचार्यांनी सरांना आणि आम्हा दोघींना बोलावलं.

"हे कुणाच्या डोक्यातून आलं?"

माझा भाऊ फौजेत होता. त्याच्या नोकरीवर काही आलं तर, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. मी मान खाली घातली.

सर म्हणाले, "मी सांगितलं, मुलींनी उतरवलं."

ते खरं नव्हतं. आम्ही दोघी तशाच खोलीबाहेर पडलो.

त्यानंतर होस्टेलच्या खोलीचं दार वाजलं की मी आधी वह्या गादीखाली सरकवायचे. सुट्टीत घरी पाटणला गेले, तरी स्टँडवर पोलीस दिसला की वाट बदलायचे. घरी काही बोलले नाही. चौकशीला आम्हा दोघींकडे कुणी आलंच नाही. सरांचे तास मात्र काढून घेतले. ते ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालत बसायचे, म्हणून मी तिकडे जाणंच सोडलं.

पुढच्या वर्षी निवडणुका झाल्या, सरकार बदललं. असं काही आमच्यापैकी कुणीच लिहिलं नव्हतं. सर पुन्हा वर्गावर आले. मी त्यांना जिन्यात गाठलं.

"सर, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"तू बोलली असतीस तर काय काय झालं असतं, तेही मी मनात मांडून बघितलं होतं," ते म्हणाले. "म्हणून आधी मीच बोललो."

घंटा झाली. ते तासाला गेले. खाली मैत्रीण थांबली होती.

"काय म्हनालं गं सर?"

"चल, ग्रंथालयात बसून सांगते," मी म्हणाले.