पाटाला शिवलेल्या गौरी

गौरींना पाटाला शिवून टाकणारी सोलापुरातली एकमेव शहाणी म्हणजे मी.

आज गौरींची पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी ती अक्कलशून्य नवी नवरी समोर उभी राहिली. भवानी पेठेतल्या त्या घरात माझ्याशी कामापुरतंच बोलणं व्हायचं. म्हणून जुन्या चादरीची धडं शिवताना, कापडी हातांत चिंध्या ठासताना, मुखवट्यांना काजळ रेखताना मी गौरींशीच गप्पा मारल्या. तीन दिवसांच्या माहेरवाशिणी त्या, जाणारच, हे काय मला ठाऊक नव्हतं? तरी दाभण घेतलं आणि पाटाखालून सुतळीचे वेढे घेत साड्यांसकट दोघींना पाटाला टाचलं. जणू देवी सुतळीला घाबरणार होत्या!

तिसऱ्या दिवशी निरोपाची आरती झाली. सासूबाई गौरी हलवायला गेल्या, तर अख्खा पाटच वर आला. जमलेल्या बायका पोट धरून हसल्या.

आता सासूबाई नाहीत, लेक परदेशात, आणि चिंध्या ठासताना मी पुन्हा गौरींशीच बडबडते आहे. त्या दिवशी बायका गेल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या, हातात कात्री दिली आणि म्हणाल्या, "काप ते टाके, येडे. असं शिवून कोण ऱ्हातंय व्हय? अन् उद्या तूबी आईकडं जाऊन ये. पण लवकर ये की गं. ह्या गेल्या, की मला घर लई गप वाटतंय."