चुका वेचायला मावळात

अकोल्याहून निघताना माझ्या पिशवीत दोन साड्या, छत्री, संधिवाताच्या गोळ्या आणि एक वही होती. वहीवर मी ठळक अक्षरात 'इंग्रजीची दुर्दशा' असं लिहून ठेवलंय. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्ताआधी मी स्पेलिंगं बघते. भाची म्हणाली, "मावशी, मावळात भाताची लावणी बघून ये. चार दिवस डोकं शांत ठेव." वडिवळ्याला एका शेतकरी कुटुंबाच्या घरी राहायची सोय तिनेच केली. डोकं शांत ठेवायचं मी कबूल केलं, वही मात्र घेतली.

आधी लोणावळ्याला उतरले. ढग पार रस्त्यावर आले होते. भर जुलैत शाल पांघरावी लागणं ही अकोल्याच्या माणसाला केवढी चैन! पण शाल सावरायला वेळ कुठे? पाट्यांनी मला बोलावूनच घेतलं. एका फाटकावर 'प्लीज डोन्ट पार्क, अदरवाइज थँक यू' असं लिहिलं होतं. एका लॉजवर 'रूम' आणि 'एस'च्या मध्ये स्वल्पविराम वर टांगलेला, दोरीवर विसरलेल्या चिमट्यासारखा. वहीची दीड पानं अर्ध्या तासात भरली. एका चिक्कीच्या दुकानावर 'मोस्ट बेस्ट चिक्की' वाचलं आणि माझ्याने राहवेना.

"अहो, बेस्टच्या आधी मोस्ट लावत नाहीत," मी दुकानदाराला म्हटलं.

त्याने शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा पुढे केला. "आधी खाऊन बघा मॅडम, मग सांगा लावायचं का नाही ते."

चिक्की खरंच उत्तम होती. मी वही मिटून अर्धा किलो घेतली.

लोकलने कामशेत, तिथून जीपने वडिवळे. धरणाच्या पाण्यावर पावसाची जाळी पसरलेली आणि दोन्ही बाजूंना खाचरं (बांध घातलेली भाताची शेतं) काठोकाठ भरलेली. जीप थांबली तिथे डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेली तिशीतली एक बाई उभी होती.

"वेलकम मॅडम! मायसेल्फ सुरेखा. आय अॅम हॅविंग वन मदर-इन-लॉ अँड टू बफेलो!"

'मायसेल्फ' ऐकलं की माझ्या दाताखाली खडा येतो. तरी त्या हसण्यापुढे मी गप्प बसले. तेवढी पाच मिनिटंच.

घरी सुरेखाची सासू, हौसामावशी, चुलीपाशी नाचणीच्या भाकरी थापत होत्या. सुरेखाचा नवरा तळेगावला कारखान्यात, त्या आठवड्यात तिकडेच. गरम इंद्रायणी भात, त्यावर पिठलं आणि कुर्डूची रानभाजी. मी दोनदा भात मागून घेतला. जेवताना मी इंग्रजीची शिक्षिका असल्याचं निघालं आणि सासूने लगेच विषय काढला.

"बाई, आमच्या सुरेखाला लोनावळ्यात रिसॉटमदी बोलावलंय, काउंटरवर बसायला. बेस्तरवारी तोंडी परीक्षा हाय. तेवढं तिचं विंग्रजी बगा की."

सुरेखा बारावी झालेली. इंग्रजी शिकली ती घरी राहायला येणाऱ्या पाहुण्यांकडून, ऐकून ऐकून. "लग्नाला आठ वर्षं झाली मॅडम," ती म्हणाली, "पहिल्यांदाच कायतरी माझ्यासाठी मागितलंय. ते मिळालं पाहिजे."

मला आणखी काय हवं होतं? सोमवारची संध्याकाळ आणि मंगळवारची सकाळ मी तिला सोलून काढलं. 'मायसेल्फ' नाही, 'आय अॅम'. म्हशी 'हॅविंग' नाहीत, 'हॅव'. 'रिटर्न बॅक' म्हणू नकोस, रिटर्नमध्ये बॅक आलंच. 'डिस्कस अबाउट' नको. 'टुडे मॉर्निंग' नको. 'कझिन ब्रदर' तर नकोच नको. ती तोंड उघडायची, मी बोट वर करायची. ती वाक्य पुन्हा सुरू करायची, माझं बोट पुन्हा वर. प्रगती उत्तम आहे असं मला वाटत होतं, कारण चुका कमी होत होत्या. वाक्यंही कमी होत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मंगळवारी दुपारी एक जोडपं मोटारीतून आलं. मराठी येत नसलेलं. खोली मिळेल का, जेवणात काय, धरणापर्यंत चालत जाता येतं का, असं इंग्रजीत विचारू लागलं. सुरेखाने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मग मीच पुढे होऊन अगदी शुद्ध इंग्रजीत उत्तरं दिली. जोडप्याने मान डोलावली आणि ते निघून गेलं.

सुरेखा आत गेली. हौसामावशी दारात सूप घेऊन उभ्या होत्या.

"बाई, राग मानू नगा. पन तुमी आल्यापास्नं पोरगी मुकी झालिया. ह्येच पाव्हनं आदी आलं असतं, तर तिनं हात धरून आत आणलं असतं, चा पाजला असता."

आतून सुरेखाने सासूला सांगितलं, "मी न्हाई जायची आत्या. फोन करून सांगते रिसॉर्टवाल्यांना."

रात्रभर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिकवायला गेले आणि पोरीच्या घासात माती कालवून बसले.

बुधवारी त्यांच्या खाचरात लावणी होती. इथे सावड असते (आज सगळ्यांनी माझ्याकडे राबायचं, उद्या मी तुमच्याकडे). दहाबारा बायका जमल्या. मला काठावर बसवत होत्या, पण अपराधी माणसाला काठावर बसवत नाही. पदर खोचून मी चिखलात उतरले. हौसामावशींनी मला आपल्या उजव्या हाताला घेतलं. वाकायचं, मुठीतली चारपाच रोपं काढून चिखलात खोचायची, एक पाऊल मागे सरायचं. गाणी आणि थट्टा चाललेली. मी एकदा बदकन बसले तेव्हा सगळी ओळ हसली, पण हात कुणाचाच थांबला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी बांधावर चढले आणि आपली करामत शोधू लागले. सापडेना. सगळी रोपं सारखी, सरळ, ताठ. क्षणभर मला वाटलं, जमलं की आपल्याला! मग शेजारच्या बाईने हसत हौसामावशींकडे बोट केलं. माझी अर्धी रोपं पाण्यावर तरंगत होती म्हणे. हौसामावशी आपली ओळ लावता लावता डावा हात चालू ठेवत, उजवा माझ्या ओळीत घालत आणि माझं उपटलेलं रोप पुन्हा दाबत. मला पत्ताच नव्हता.

"अहो, मला सांगायचं तरी!" मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तुमी उब्या ऱ्हायला असता," त्या भाकरी मोडत म्हणाल्या. "तुमी थांबला की समदी वळ थांबती. नव्या बाईला हितं कुनी मदी टोकत न्हाई. हात चालता ऱ्हायला पायजेल. त्यो एकदा बसला की रोप आपसूक बसतंय."

त्या नुसत्या लावणीबद्दल बोलत होत्या की माझ्या शिकवण्याबद्दल, देव जाणे.

संध्याकाळी सुरेखा चिंबोऱ्या (ओढ्यातले खेकडे) साफ करायला बसली. मी तिच्यापाशी गेले. "मी बेंगळुरूची पाहुणी आहे. मला मराठी येत नाही. हे कसं करायचं ते मला शिकव."

ती मान खाली घालून म्हणाली, "तुमच्या तोंडाकडं बघितलं की कळतं मॅडम, चुकलं म्हणून."

मी तिच्याकडे पाठ करून बसले, टोपली पुढ्यात ओढली. "आता सांग."

मग हळूच, "फर्स्ट... यू टेक फ्रॉम बॅक साइड." मी घेतली. "नाऊ लेग ब्रेक." मी मोडायला गेले, आणि चिंबोरीने माझा अंगठा धरला. मी केवढ्याने तरी ओरडले आणि हात झटकू लागले.

"मॅडम, डोन्ट शेक! मोअर यू शेक, मोअर ही इज कॅचिंग! पुट हँड इन वॉटर! ही विल फील होम, ही विल लीव्ह!"

मी हात बादलीत घातला. चिंबोरीला घरी आल्यासारखं वाटलं असावं, तिने अंगठा सोडला. मग आम्ही दोघी हसलो, आणि त्यानंतर रस्सा चुलीवर चढेपर्यंत सुरेखा बोलत राहिली: म्हशी, धरण, गेल्या वर्षीचे पाहुणे, सगळं इंग्रजीत. मी शेवटपर्यंत तिच्याकडे तोंड वळवलं नाही. अंगठा टम्म सुजला होता, पण असा झणझणीत रस्सा मी जन्मात खाल्ला नाही.

गुरुवारी मला परतायचंच होतं. लोणावळ्यापर्यंत तिच्या सोबतीने गेले आणि रिसॉर्टच्या बाहेरच्या खुर्चीवर बसले. काचेच्या दारातून फक्त तिचे हात दिसत होते. सुरुवातीला मांडीवर घट्ट. मग एक हात उठला. मग दोन्ही. मग ते काहीतरी वाहतं, उंच, दूरचं दाखवू लागले, आणि समोरचा टायवाला तरुण पुढे झुकून ऐकू लागला.

ती बाहेर आली ती धावतच. "सोमवारपास्नं या म्हणाले!"

मी तिला तिथेच मिठी मारली. माझे डोळे भरून आले, तिचेही.

अकोल्याला पोचून पंधरा दिवस झाले. काल तिचा फोन आला. कामाच्या मधल्या सुट्टीत, रिसॉर्टच्या मागच्या अंगणातून. तिने इंग्रजीतच सुरुवात केली आणि थांबलीच नाही. रुसलेला पाहुणा, त्याला तिने कसं हसवलं, गणवेशाचा रंग, पहिल्या दिवशी हरवलेली किल्ली. मी मध्ये मध्ये 'अच्छा' म्हणत होते. फोन ठेवला तेव्हा चहा पार गार झाला होता.

तीस वर्षं मी वर्गात उभी होते. एकही मुलगी माझ्याशी इंग्रजीत एवढं बोलली नव्हती.