विमानाचा ओवा

एकाहत्तर-बहात्तर साली उसावरच्या किडीवर औषध फवारायला काष्टीजवळच्या माळावर एक छोटं विमान आलं होतं. त्याचं खास पेट्रोल वेळेवर पोचलं नाही, म्हणून माझ्या पंपावरून दोन पिंपं मागवली. ती घेऊन मी ऐटीतच माळावर गेलो.

विमानाचा मेकॅनिक ठेंगणा होता. कानावर न पेटवलेली विडी. त्यानं माझं पेट्रोल तळहातावर घेऊन हुंगलं, मग पाणी-कचरा अडवणाऱ्या मऊ कातड्यातून थोडं थोडं गाळायला बसला. गाळून झाल्यावर एका बाटलीतलं कसलंसं रसायन मापानं त्यात सोडलं.

"हे काय?"

"ओवा. गाडीचं खानं इमानाला पचत न्हाई, मालक."

मला राग आला. "अहो, शुद्ध पेट्रोल आहे! तालुक्यातल्या जीपा पळतात त्यावर."

"जीप बंद पडली तर उतरून ढकलता येती," तो शांतपणे म्हणाला. "तुमची खात्री हाय ना? मग पैल्या फेरीला तुमीच बसा. मागं जागा हाय."

मी वर आभाळाकडे पाहिलं. रोज बेधडक विकलेल्या त्या पेट्रोलात मला एकाएकी पाणी, गंज, कचरा, सगळं दिसायला लागलं.

"अजून एकदा गाळू या का?" मी विचारलं.

तो हसला नाही. कातड्याचं दुसरं टोक त्यानं माझ्या हातात दिलं. दोन्ही पिंपं आम्ही पुन्हा गाळली.

मग पायलटच्या मागे तो स्वतःच चढला. चढताना कानावरची विडी माझ्याकडे दिली.

"ठिवा. आल्यावर वडीन."

विमान खाली येईपर्यंत ती विडी मी दोन्ही हातांत धरून उभा होतो.