देवाचा उजवा

गडमुडशिंगीच्या दूध संस्थेत हंबीरराव सकाळ-संध्याकाळ दुधाचं फॅट मोजायचे. एखादा म्हशीवाला दुधात पाणी नाही म्हणून आईच्या शपथा घ्यायला लागला की म्हणायचे, "पावणं, आईला मधी कशाला आणताय? किटलीचं झाकण काढा की!" देवाधर्माचंही त्यांचं तसंच. कुणी सांगावं, भैरोबाला नवस बोललो आणि म्हैस गाभण राहिली. की हे विचारणार, "बिननवसाच्या किती ऱ्हायल्या, ते बघितलंस?" वर पालुपद ठरलेलं, "एकदा झालं त्याला पुरावा म्हणत न्हाईत गड्या. पुन्यांदा करून दाव."

एवढा पुराव्याचा माणूस, पण घरात बायको धोंडुबाई, देवभोळी. लेकीचं नाव क्रांती ठेवू दिलं तिनं, पण भैरोबाला आधी पेढे ठेवून.

आता बघा, अठ्ठ्याण्णव साली ह्या क्रांतीचा मिरजेला नर्सिंगला नंबर लागला. पोरीनं पिशवी भरली, आणि धोंडुबाई दारात आडवी.

"कौल घेतल्याबिगार पोर गाव सोडायची न्हाय."

"अगं, कॉलेजनं बोलिवलंय, भैरोबानं न्हवं!"

"पाठवायचं भैरोबानंच की!"

शेवटी हंबीरराव मायलेकींना घेऊन देवळात गेले. कौल उलटा गेला तर बायको जन्मात हलणार नाही, ह्याचा मात्र त्यांच्याकडं भरपूर पुरावा होता.

जोतीराम गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. बराच वेळ काहीच नाही. मग टप्. धोंडुबाईच्या डाव्या हाताकडची कळी खाली.

"झालं! डावी पडली." धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला. क्रांतीची मान खाली गेली.

खरं तर हंबीररावांनी म्हणायला हवं होतं की पाणी सुकलं, कळी पडली, त्यात देवाचं काय? ते सोडून गडी पुढं सरसावला, देवाकडं पाठ करून, हात पसरून उभा राहिला.

"हिकडं बघ! देव असा बसलाय. ह्यो त्याचा उजवा खांदा. पडली ती हितलीच! भैरोबा हो म्हणतोय, आन् तू त्याच्या तोंडात न्हाय कोंबतीस व्हय?"

जोतीराम मिशीत हसला. "बराबर हाय आण्णा, देवाचाच उजवा धरत्यात. मी सांगणारच हुतो. पर हो कोण म्हणतोय म्हणलासा?"

"भैरो..." हंबीरराव अडखळले. "ही, मूर्ती की."

"व्हय व्हय. पर एकदा झालं त्याला पुरावा म्हणत न्हाईत न्हवं? पुन्यांदा लावू?"

हंबीररावांनी लेकीकडं बघितलं. तिची मान वर आलेली, हसू आवरेना. त्यांनी झटक्यात पडलेली कळी उचलून खिशात घातली.

"गप ए जोत्या! नारळ आण, नारळ!"