सुभेदारांचं कुंपण

‘कामगार’ हा शब्द तोंडातून निघाला की सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पाणी खरं असायचं. बावीस वर्षं मी त्यांच्या केबिनबाहेरच्या टेबलाशी बसले, त्यामुळे हे खात्रीने सांगू शकते. भाषणात तो शब्द आला की आधी उजवा डोळा भरायचा, मग डावा, मग कोटाच्या खिशातून इस्त्रीचा रुमाल बाहेर यायचा. सभा संपून गाडीत बसलो की ते मागे वळून विचारायचे, “लेले बाई, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला ना?”

मी “गेला” म्हणायचे. पगार त्यांच्याकडून घ्यायचे, एवढं म्हणणं भागच होतं.

हडपसरला त्यांचा कारखाना होता. आम्ही काचेच्या धाग्याचं कापड विणायचो. हे कापड अंगात घालायचं नाही. त्यावर रसायन ओतलं की ते दगडासारखं घट्ट होतं आणि त्यातून पवनचक्कीची पाती, होड्या, पाण्याच्या टाक्या, रेल्वेच्या डब्यातले पत्रे असलं काय काय तयार होतं. माझ्या आईला हे कधी पटलं नाही. मुलगी कुठे असते असं कुणी विचारलं की ती शेवटपर्यंत “कापडाच्या दुकानात” असंच सांगत राहिली.

सुभेदार हे नाव कामगारांनी ठेवलेलं. सैन्याशी त्यांचा संबंध एवढाच, की तरुणपणी खडकवासल्याच्या प्रबोधिनीसाठी त्यांनी दोनदा परीक्षा दिली आणि दोनदा नापास झाले. हा प्रसंग ते सांगायचे तो असा: “त्यांना मी हवा होतो, पण मी उद्योगाची सीमा निवडली.” पुढे धरणाच्या अंगाला त्यांनी बंगला बांधला, सकाळी हिरव्या ठिपक्यांचे कपडे घालून फिरायला लागले आणि शिपायाला “जवान” म्हणायला लागले. शिपाई पंचावन्न वर्षांचा होता आणि त्याला हर्निया होता.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. पहिल्या लढाईच्या वेळी हा माणूस खरा होता. परदेशातून येणारं कापड त्या दिवसांत इतकं स्वस्त झालं होतं, की आमचा नुसता धागाच त्याहून महाग पडायचा. तिथलं सरकार तिथल्या कारखान्यांना जमीन, वीज, कर्ज सगळं जवळजवळ फुकट देत होतं, आणि ते लोक स्वतःच्या देशात विकतात त्याहून कमी भावाने माल इथे ओतत होते. आमचे निम्मे माग बंद पडले. सुभेदारांनी कुणालाही घरी बसवलं नाही. कॅंटीनच्या बाकावर बसून ते आमच्याबरोबर पातळ आमटी जेवले. इतर चार कारखान्यांना त्यांनीच एकत्र आणलं, दिल्लीला खेपा घातल्या आणि त्या कापडावर जादा आयात शुल्क लावून घेतलं. पाच वर्षांसाठी. त्यांच्या अर्जाचा शब्दन् शब्द मी टाइप केला होता आणि तो टाइप करताना मला अभिमान वाटला होता. आज लिहायला लाज वाटते, पण वाटला होता.

“हे शुल्क म्हणजे कुंपण आहे, लेले बाई,” त्या दिवशी पेढ्याचा बॉक्स माझ्यापुढे धरत ते म्हणाले. “आता आत आपण शांतपणे काम करायचं.”

ते पाच वर्षं शांतच होते. कामाचं मात्र मला काही दिसलं नाही. कारखान्याला नवं फाटक आलं, त्यावर पितळी सिंह आले. बंगल्याला दुसरा मजला आला. सात नंबरचा माग मात्र होता तसाच राहिला. त्याच्यावर विणलेल्या कापडाचा डावा काठ सैल पडायचा, आणि तो माग चालवणारे वानखेडे दर महिन्याला तसा अर्ज द्यायचे.

वानखेडे वर्ध्याकडचे. नोकरीसाठी पुण्यात आले, ते वीस वर्षं त्याच मागावर उभे होते. काचेची बारीक कुसळं हवेत उडतात, कातडीत घुसतात, आणि दिवसभर अंगाची आग होते. वानखेड्यांचे हात कोपरापर्यंत ओरबाडल्यासारखे दिसायचे. एकदा ते मास्क आणि धूळ ओढणारा पंखा मागायला केबिनमध्ये आले.

“वानखेडे,” सुभेदार म्हणाले, “सीमेवरच्या जवानाला पंखा असतो का?”

“मले मालूम नाही जी,” वानखेडे म्हणाले. “मी कधी गेलो नाही तिकडं.”

सुभेदारही गेले नव्हते. एसीची झुळूक माझ्या टेबलापर्यंत येत होती.

पाच वर्षं संपत आली तशी शुल्काची मुदत वाढवून घ्यायची वेळ आली. पुन्हा अर्ज, पुन्हा भलीमोठी प्रश्नावली, पुन्हा दिल्लीत सुनावणी. या वेळी सुभेदारांनी माझ्याबरोबर वानखेड्यांनाही नेलं. नवा गणवेश शिवला. विमानात त्यांनी वानखेड्यांना एकच सूचना दिली: “बाह्या वर दुमडून ठेवायच्या. हात दिसले पाहिजेत.”

सुनावणीला समोरच्या बाजूला कापड विकत घेणारे लोक होते. त्यांतला टाक्या बनवणारा एक कारखानदार उठला. साधा माणूस होता, कागद न बघता बोलला. “तुम्ही सुधाराल म्हणून आम्ही पाच वर्षं महाग कापड घेतलं. तुमचा काठ अजून तिरका येतो. मग सुधारलं काय?”

मला वाटलं, आता सुभेदारांना उत्तर द्यावं लागणार. त्यांनी वानखेड्यांचा उजवा हात धरून वर उचलला आणि म्हणाले, “या हातांना विचारा!” पुढचा शब्द कोणता असणार हे मला ठाऊक होतं. तो आला, रुमाल निघाला. वानखेडे खाली फरशीकडे बघत उभे होते, बाजारात दात तपासायला उभ्या केलेल्या बैलासारखे. माझ्या मनात सुभेदारांबद्दल जी किळस बसली, ती त्या क्षणी बसली.

दिल्लीहून परतल्यावर पंधराएक दिवसांनी वानखेडे माझ्या टेबलाशी आले. “मॅडम, मागच्या शेडमधी या जरा.”

शेडमध्ये कापडाचे रोल रचून ठेवले होते. कंत्राटी माणसं त्यांच्यावरचा कागद सोलून आमच्या नावाची चिठ्ठी लावत होती. वानखेड्यांनी एका रोलचा काठ बोटांनी चाचपला. “हे आपलं नाही जी. काठ पाहा. सरळ सूत. आपल्याकडं असा माग कोठी आहे?”

खाली पडलेला एक कागद मी उचलला. ज्या देशाच्या कापडाविरुद्ध आम्ही अर्ज केला होता, त्याच देशाची अक्षरं त्याच्यावर होती. माल तिसऱ्याच एका देशातून फिरवून, शुल्क चुकवून, सुभेदारांच्या मेहुण्याच्या नावावर आला होता. आणि सुनावणीनंतर अर्जाला जोडायच्या, माझ्याकडे टाइपला आलेल्या प्रतिज्ञापत्रात एक वाक्य होतं: आम्ही किंवा आमचे नातेवाईक हा माल आयात करत नाही. त्याखाली सुभेदारांची सही व्हायची बाकी होती.

मी कागद घेऊन केबिनमध्ये गेले. “साहेब, हे काय आहे?”

त्यांनी कागद पाहिला. जराही दचकले नाहीत. “बसा, लेले बाई. शत्रूचं शस्त्र हातात घेऊन लढणं, याला युद्धनीती म्हणतात.”

“पण प्रतिज्ञापत्रात आपण लिहितोय, की...”

“अर्ज मंजूर झाला तर किती चुली पेटत्या राहतील? पाच कारखान्यांतल्या. नामंजूर झाला तर? तुम्ही ठरवा.”

हा माणूस खोटं बोलत होता, पण ही गोष्ट खरी होती, आणि तीच मला सहन होत नव्हती. शुल्क गेलं असतं तर सुभेदार बंगल्यात बसून राहिले असते. रस्त्यावर आले असते ते वानखेडे. मी एवढंच म्हणाले, “ते वाक्य मी टाइप करणार नाही.” त्यांनी ते दुसऱ्या मुलीकडून टाइप करून घेतलं. माझा नकार त्यांना पाच मिनिटांना पडला.

मग अर्जातली माहिती पडताळायला दिल्लीहून दोन अधिकारी आले. त्यांतल्या मोठ्या अधिकारी एक बाई होत्या. कमी बोलणाऱ्या, जाड चष्म्याच्या. सुभेदारांनी आदल्या दिवशीच शेड रिकामी करून घेतली होती. तपासणीच्या टेबलावर एक उत्तम रोल उलगडून ठेवायला सांगितला होता, पाहुण्यांच्या डोळ्यांत भरेल असा. पर्यवेक्षकाने शेड रिकामी करताना मागे राहिलेला, कारखान्यातला सगळ्यात सुंदर रोल आणून ठेवला. तो आमचा असणं शक्यच नव्हतं, एवढं सुभेदारांना नुसता काठ बघून कळायला हवं होतं. त्यांना कळलं नाही. उद्योगाचा हा सेनापती स्वतःच्या मागावरचं कापड ओळखू शकत नव्हता.

“बघा,” ते त्या बाईंना हिंदीत म्हणाले, “आमच्या कामगाराची कला.” आणि वानखेड्यांना खांद्याला धरून पुढे आणलं. “यांच्या हातचं आहे.”

बाईंनी कापडावरून बोट फिरवलं, मग वानखेड्यांकडे पाहिलं. “आपने बुना है?”

वानखेड्यांनी काठ चिमटीत धरून एकदा पाहिला. घाई केली नाही.

“नहीं जी,” ते म्हणाले. “ये हमारा नहीं है.”

सुभेदार मोठ्याने हसले. “आमचे वानखेडे विनोदी आहेत.” बाई माझ्याकडे वळल्या आणि या रोलची उत्पादनाची नोंद दाखवा म्हणाल्या. तशी नोंद नव्हती. तेवढे दोन शब्द मला सांगायचे होते. मी “शोधून देते” म्हणाले, बाहेर गेले आणि बायकांच्या स्वच्छतागृहात कडी लावून पंधरा मिनिटं उभी राहिले. परत आले तेव्हा बाईंनी स्वतःच रजिस्टर मागवून तपासलं होतं.

निकाल असा लागला: आमच्या कारखान्याची माहिती विचारातून वगळली गेली. सुभेदारांच्या मेहुण्याला शुल्क चुकवल्याची वेगळी नोटीस आली. बाकीच्या चार कारखान्यांचे कागद चोख होते, नुकसान खरं होतं, आणि परदेशातला तो फुकटचा कारभारही चालूच होता. त्यामुळे शुल्काची मुदत वाढली. जे व्हायला हवं होतं ते झालं. सुभेदारांमुळे नव्हे, सुभेदार असूनही. त्यांनी तरीही पेढे वाटले आणि एका सभेत त्या विजयाबद्दल शाल घेतली.

वानखेड्यांना तोवर काढून टाकलं होतं. कारण लेखी दिलं होतं: सुरक्षेचे नियम मोडून मास्क न वापरणे. जो मास्क वीस वर्षांत कुणी दिला नाही तो.

ते हिशेब घ्यायला आले त्या दिवशी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. न राहवून विचारलं, “‘हो’ म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?”

“मी काही लय सच्चा मानूस नाही, मॅडम,” ते म्हणाले. “पन दुसऱ्यानं इनलेलं मी इनलं म्हनून कसं सांगू? त्याचेबी हात खाजवत असतीन ना तिकडं.”

सुभेदारांच्या सगळ्या भाषणांत त्या पलीकडच्या माणसाला हात आहेत, असं एकदाही आलं नव्हतं.

वानखेड्यांना बाकीच्या चारांपैकी एका कारखान्यात काम मिळालं. चांगला विणकर फार दिवस रिकामा राहत नाही. मी आणखी चार महिने त्याच टेबलाशी काढले आणि मग राजीनामा दिला. माझ्या धैर्याचा वेग एवढाच आहे.

सुभेदारांनी राजीनामा वाचला, घडी घातली. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, “ठीक आहे. जाताना फाटकावर पर्स तपासून घ्या. सगळ्यांना नियम सारखा.”

बावीस वर्षांत ऑफिसमधल्या कुणाची पर्स तपासली गेली नव्हती. फाटकावरच्या वॉचमनला फोन आला असावा. तो खुर्चीतून उठून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. मी पर्स उघडून त्याच्या स्टुलावर ठेवली. डबा, चष्म्याचं घर, पीएमपीचा पास, गुडघ्याचं मलम. “झालं मॅडम, जा ना तुम्ही,” तो पुटपुटला.

रस्ता ओलांडून मी बसथांब्यावर आले आणि तिथे मला रडू फुटलं. हुंदके देऊन, लोक बघतील इतकं. बस आली आणि गेली. मग माझ्या लक्षात आलं, की वानखेडे याच थांब्यावर त्यांची कपड्यांची पिशवी घेऊन उभे होते, त्या दिवशी मी परत आत जाऊन जेवणाचा डबा उघडला होता. भेंडीची भाजी होती. मी ती सगळी खाल्ली होती.